चोवीस रोपांचं खोकं: बटाट्याच्या बियांच्या नोंदी, ठाणे

२ ऑक्टोबर २०२४

गांधी जयंतीची सुट्टी. सकाळी कपाटातली काचेची बाटली काढली. तळाला भाजलेले तांदूळ, त्यावर कागदाची पुडी, पुडीत बटाट्याचं बी. बी म्हणजे बेणं नव्हे. आमच्या मंचरकडे ‘बटाट्याचं बी’ म्हटलं की पोत्यातला डोळेवाला बटाटाच समोर येतो, म्हणून आधीच लिहून ठेवते. हे खरंखुरं बी आहे. बटाट्याला फूल येतं, फुलामागे हिरव्या चिमुकल्या टोमॅटोसारखं फळ धरतं, त्या फळातलं. वांग्याच्या बियांहून बारीक, चपटं, फिकट पिवळं.

भाचा मागच्या सप्टेंबरात हिमाचलातल्या लाहौलला ट्रेकला गेला होता. एका शेताच्या कडेला ही फळं दिसली, तर शेतकऱ्याला विचारून अकरा खिशात टाकली. फळं विषारी असतात, तोंडात घालू नकोस, असं फोनवर तीनदा बजावलं. जात कोणती ते त्या शेतकऱ्यालाही सांगता आलं नाही. ठाण्यात पोचेपर्यंत फळं मऊ झाली होती. कुस्करली, दोन दिवस पाण्यात आंबवली, चहाच्या गाळणीत धुतली, सावलीत वाळवली. ताजं बी सहा महिने झोपूनच असतं. घाई असेल तर झोप मोडणाऱ्या जिबरेलिक ॲसिडमध्ये भिजवतात. मला घाई नव्हती, वर्षभर कपाटात राहू दिलं.

काल कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोललं. ०.८ ग्रॅम. ग्रॅमभरात दीड हजाराच्या आसपास दाणे बसतात, म्हणजे हजाराच्या वर रोपांचा ऐवज या पुडीत आहे. हेक्टरभर लागवडीला बेणं लागतं दोन-तीन टन, हे बी शे-दीडशे ग्रॅम पुरतं. मंचरकडे बटाटा लावणाऱ्या आमच्या तात्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे खिशात घालून आणायचं, हुंडेकऱ्याचे पैसे वाचले. मग सगळे का नाही करत?”

तेच बघायचंय. प्रश्न दोनच ठरवलेत. ठाण्याच्या गच्चीवर रोपं किती दाट लावावीत आणि ती कधी लावावीत.

शंभर दाणे ट्रेमध्ये पेरले, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे गच्चीवर, टाकीच्या सावलीत, वर ओलं गोणपाट.

११ ऑक्टोबर

शंभरात नऊ उगवले. गोणपाटाखाली थर्मामीटर ठेवला तर दुपारी ३३. या बियाला १५ ते २० अंश मानवतात, पंचविशीच्या वर ते रुसून बसतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात गच्चीवर पेरणं हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो मी पुस्तक वाचूनही केला.

नवा ट्रे, १६० दाणे, मुक्काम बेडरूममध्ये. एसी रात्रभर २२ वर. नवरा म्हणाला, “मी म्हटलं तर २६, आणि बटाट्याला २२?” उत्तर दिलं नाही.

२० ऑक्टोबर

१६० पैकी ११८ वर आले. टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन पानं. बेण्याच्या कोंबाशी या रोपट्याची तुलनाच नको. तिथे कोंबामागे अख्ख्या बटाट्याची शिदोरी असते. इथे शिदोरी किती, तर अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडी जास्त. म्हणून पहिला महिना ही रोपं जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटतात.

२७ ऑक्टोबर

मर लागली. सकाळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली. बंद खोली, ओलं कोकोपीट आणि रोज न चुकता फवारणारी मी. वीस गेली. आता पाणी खालच्या ताटलीतून, तेही वरचा थर सुकल्यावरच. दिवसा ट्रे खिडकीत, टेबल फॅन मंद.

३ नोव्हेंबर

भाऊबीजेला सगळे भावाकडे जमलो होतो. जेवणं झाल्यावर भाच्याबरोबर पाटावर खडूने आखणी केली.

खोकी चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून मिळाली, मासळीची थर्माकोलची. चौदा घेतली, चहापाण्याचे पैसे दिले. तीन वेळा साबणाने धुऊनही वास जात नाही, सोसायटीच्या सगळ्या मांजरींना गच्चीचा पत्ता कळलाय. पण खोकी मोजून घेतली होती. आत ६० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.२४ चौरस मीटर. या मापाचा फायदा असा:

६ रोपं, २० सेंटिमीटरवर: चौरस मीटरला २५.
१२ रोपं, साधारण १५ बाय १३ वर: चौरस मीटरला ५०.
२४ रोपं, १० सेंटिमीटरवर: चौरस मीटरला १००.

शेवटचा आकडा मनाने काढलेला नाही. बियांपासून लहान बटाटे बेण्यासाठी करायचे असतील तर गादीवाफ्यावर शंभराच्या घरातच रोपं ठेवतात. शेतातल्या नेहमीच्या लागवडीत ओळीत ६० आणि रोपांत २० सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम आठ. भाच्याला शंभर पटेना. “मावशी, ही मेथी आहे का?” म्हणाला.

प्रत्येक दाटीची दोन खोकी, आणि लागणीच्या दोन तारखा. एकूण बारा. उरलेल्या दोन खोक्यांत आणि एका जुन्या क्रेटमध्ये तिसरी, उशिराची तारीख.

८ नोव्हेंबर

दुसरी पेरणी, १६० दाणे. एसीतच.

१७ नोव्हेंबर

पहिली लागण झाली. संध्याकाळी पाचला सुरू केली, उजेड गेल्यावर मोबाइलच्या टॉर्चवर संपवली. ८४ रोपं, चार ते पाच पानांची, बोटभर उंच.

माती म्हणजे घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतली लाल माती, कोकोपीट आणि शेणखत सारख्या भागाने. खोकी अर्धीच भरली. उरलेली जागा भर लावायला, म्हणजे पुढे रोपांच्या बुडाशी माती चढवायला. रोप लावताना ते बीजपत्रांपर्यंत, म्हणजे त्या पहिल्या दोन गुळगुळीत पानांपर्यंत, मातीत गेलं पाहिजे. बोटाने भोक पाडायचं, रोप सोडायचं, दोन बोटांनी चेपायचं. चोवीसच्या खोक्यात शेवटच्या ओळीला हात ठेवायला जागा राहत नाही, मग चॉपस्टिक कामी आली. पाच दिवस वर हिरवी जाळी राहील.

गच्चीवरचं रात्रीचं किमान तापमान २१. बटाट्याला खाली बटाटा धरायला रात्र विशीच्या आत हवी. अजून थोडी कळ काढायला हवी होती, पण ठाण्यात थंडीची वाट बघत बसलं तर ती येऊन गेल्याचंच कळतं.

१ डिसेंबर

सेक्रेटरी काका वर आले. गच्ची गळते, वर तुम्ही शेती मांडलीत, स्लॅबवर वजन किती, वगैरे. त्यांचं चूक नाही. ओलं भरलेलं खोकं चाळीस किलोपर्यंत जाईल, आणि वावर असलेल्या गच्चीचा हिशोब साधारण चौरस मीटरला दीडशे किलोचा धरतात. खोकी एकाला एक चिकटून ठेवली असती तर तो आकडा ओलांडला असता. म्हणून सगळी कठड्याकडेने, खालच्या बीमच्या रेषेवर, मध्ये हातभर अंतर सोडून ठेवली. खाली विटा, म्हणजे पाणी साचत नाही. काकांनी विटांखाली हात घालून पाहिला, कोरडा निघाला. जाताना म्हणाले, “आले तर दोन इकडे पाठवा.”

६ डिसेंबर

तिसरी पेरणी, ९० दाणे.

१५ डिसेंबर

दुसरी लागण, पुन्हा ८४. रात्री १७ पर्यंत उतरतंय.

पहिल्या लागणीतलं एक जादा रोप मुळासकट उपटून बादलीतल्या पाण्यात धुतलं आणि पांढऱ्या ताटात पसरलं. बीजपत्रांच्या बगलेतून दोन पांढरे दोरे निघालेले, एक वर उजेडाकडे वळायला लागलेला आणि एक सरळ खाली. खालच्याचं टोक आकडीसारखं वाकलेलं आणि त्या आकडीला मोहरीएवढी सूज. हाच बटाटा. अठ्ठावीस दिवसांत, वीतभरही नसलेल्या रोपाला!

वर निघालेला दोरा तसाच सोडला असता तर त्याची पानांची फांदी झाली असती. अंधार मिळाला तरच त्याचा बटाटा होतो. म्हणून आजच सगळ्या पहिल्या खोक्यांना चार बोटं भर लावली. तात्या याला ‘माती पांघरणं’ म्हणतात.

२९ डिसेंबर

बेण्याच्या वाफ्यात सगळी झाडं एकमेकांची नक्कल असतात. इथे एका खोक्यात चोवीस तऱ्हा. कुणाचं खोड जांभळं, कुणाची पानं कुरळी, एक बुटकं जाडजूड, दोन तर आधीच पिवळट आणि म्हातारी. बटाट्याला गुणसूत्रांचे दोनऐवजी चार संच असतात, एकूण ४८, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवा पिसलेला डाव. १८७२ साली अमेरिकेत ल्यूथर बरबँकला बागेत एकच फळ मिळालं, त्यात २३ बिया. त्यातल्या एका रोपापासून पुढे तिथली सगळ्यात गाजलेली जात निघाली. भाच्याला हे सांगितल्यापासून तो प्रत्येक जांभळ्या खोडाला आपलं नाव द्यायला निघालाय.

माझ्या बियांत आणखी एक खोट आहे. शेताच्या कडेची फळं बहुतेक स्वतःच्याच परागाने धरलेली असतात, त्यामुळे रोपं जोमाला कमी पडतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ठरावीक आई-बाप घेऊन संकरित बी तयार केलं, ९२-पीटी-२७ वगैरे, ते याचसाठी. त्रिपुरात नागीछेराच्या केंद्रात असं बी तयार होतं आणि तिथले शेतकरी ते लावतातही. इतक्या लांबून बेण्याचे ट्रक आणण्यापेक्षा ते परवडतं.

११ जानेवारी २०२५

तिसरी लागण, ४२ रोपं. पहाटे १६. कानटोपी घालून चहा प्यायला लावणारी ठाण्याची थंडी, वर्षातून आठ-दहा दिवसांची.

पहिल्या लागणीच्या सहा-रोपी खोक्यांकडे बघून वाईट वाटतं. मधली माती अजून उघडी आहे. मला वाटलं होतं, मोकळी जागा मिळाल्यावर रोपं पसरतील. पसरली नाहीत, आणि का ते आत्ता लक्षात येतंय. डिसेंबरात इथे दिवस अकरा तासांचा. लहान दिवस आणि गार रात्र दिसली की झाड ‘आता खाली भरा’ असं ठरवतं आणि पाला वाढवणं आवरतं घेतं. लाहौलमध्ये उन्हाळ्यात दिवस चौदा तासांचा, तिथे तेच झाड आधी ढीगभर पाला करतं, फुलतं, फळं धरतं, मग बटाट्याकडे वळतं. माझ्या १६८ रोपांत आजवर एक कळी नाही. म्हणजे ठाण्यातलं झाड छोटंच राहणार. त्याला २० सेंटिमीटर देणं म्हणजे दोघांच्या संसाराला चार खोल्या.

१४ जानेवारी

तिळगूळ. सेक्रेटरी काकूंनी भोगीच्या भाजीला घरचे बटाटे मिळणार होते असं सुनावलं. मार्चचं आश्वासन दिलं.

२६ जानेवारी

टाकीचं पाणी रात्रभर वाहिलं. कोण कॉक बंद करायला विसरलं याची सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून चर्चा आहे, मी वाचत नाही. दुसऱ्या लागणीचं एक बारा-रोपी खोकं थेट धारेखाली होतं. माती वाहून गेली, मुळं उघडी, चार रोपं नाल्याच्या जाळीत. ते खोकं बाद. आता त्या मापाचं एकच उरलं, आकडा एकाच खोक्याचा म्हणून जपूनच वाचायचा.

१६ फेब्रुवारी

गच्चीवर आज ३४. केकच्या आतलं तापमान बघायचा थर्मामीटर आहे, त्याची सळई दहा सेंटिमीटर खोल खुपसून दुपारी तीनला सगळी खोकी तपासली. पहिल्या लागणीत सहा-रोपी खोकं ३१, बारा-रोपी २९, चोवीस-रोपी २७. टाकीपाशी ठेवलेल्या क्रेटमध्ये (तिसरी लागण, काळं प्लास्टिक) ३६!

हे मोजायचं डोक्यातच नव्हतं, उगाच गंमत म्हणून सळई हातात घेतली होती. दाट पाला मातीवर छत्री धरतो. उघड्या मातीत ऊन सरळ उतरतं. तिशीच्या पुढे माती गेली की बटाटा धरणं थांबतं, धरलेला भरणं मंदावतं. म्हणजे सहा-रोपी खोक्यात झाडं लहान म्हणून पीक कमी एवढंच नाही, त्यांचा हंगामही आधी संपतो. एकाच गच्चीवर, एकाच तारखेला लावलेल्या खोक्यांचा उन्हाळा वेगवेगळ्या दिवशी सुरू होतोय. थर्माकोलचं बरं की कडांनी ऊन आत येत नाही. काळ्या क्रेटच्या नादी पुन्हा लागणार नाही.

लाल कोळी ही कीडही आलीय, पानांच्या मागे बारीक जाळी. पाण्याचा जोरदार फवारा मारला.

२ मार्च

पहिल्या लागणीची काढणी, १०५ दिवस. आठ दिवस आधी पाणी तोडलं होतं. भाचा सकाळी सातलाच हजर.

जुनी चादर पसरून खोकं तिच्यावर पालथं करायचं. पहिल्यांदा चोवीसचं घेतलं. मातीचा ठोकळा तसाच उभा राहिला आणि त्याच्या चारी बाजूंना, थर्माकोलला चिकटून, बटाटे चपटे होऊन बसलेले, भिंतीला पाठ लावून बसलेल्या पोरांसारखे. ठोकळा फोडत गेलो तसे रंग निघाले. पांढरे, गुलाबी, दोन रोपांखाली गडद जांभळे, एकाखाली बोटासारखे लांबट आणि वाकडे. वाटाण्याहून बारीक ते मोजले नाहीत.

दोन-दोन खोक्यांची सरासरी. ६ रोपं: ४१० ग्रॅम, ३८ नग. १२ रोपं: ५६० ग्रॅम, ६६ नग. २४ रोपं: ६४० ग्रॅम, ११८ नग.

पाच ग्रॅमच्या वरचे वेगळे काढले, कारण तेवढा असला तर बेणं म्हणून लावता येतो. ते अनुक्रमे २५, ३८ आणि ४७.

सगळ्यात मोठा बटाटा, ६१ ग्रॅमचा, सहाच्या खोक्यातला. भाच्याने त्याचाच फोटो सगळ्यांना पाठवला, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत विरळ लागवडच जिंकली आहे.

प्रत्येक रोपामागे बघितलं तर सहाच्या खोक्यात ६८ ग्रॅम, चोवीसच्या खोक्यात २७. जागा चौपट दिली आणि झाडाने अडीच पट परत केलं. खोकं म्हणून पाहिलं तर दाट बरं, पण बारावरून चोवीसवर गेल्याने वाढलं फक्त ८० ग्रॅम. बारा रोपं जास्त वाढवण्याचा खटाटोप ८० ग्रॅमसाठी करायचा का, हा प्रश्न आज तरी योग्य वाटतो.

२३ मार्च

दुसरी लागण, ९८ दिवस. आठ दिवस आणखी ठेवायची होती, पण पानं करपल्यासारखी वाळली. गच्चीवर ३७.

६ रोपं: १५० ग्रॅम, १९ नग. १२ रोपं (एकच खोकं): २७० ग्रॅम, ४१ नग. २४ रोपं: ४३० ग्रॅम, ९३ नग. पाच ग्रॅमवरचे ९, १९ आणि ३३.

इथे चित्र पालटलं. नोव्हेंबरच्या लागणीत दाट खोकं विरळ खोक्याच्या दीडपट, डिसेंबरच्या लागणीत जवळजवळ तिप्पट. रोपामागे २५ विरुद्ध १८ ग्रॅम, म्हणजे चौपट जागेचं झाडाने दीडपटही केलं नाही. करायला वेळच मिळाला नाही. अंतराचा फायदा झाड वेळ असेल तरच उचलतं. चार आठवडे उशीर झाला की अंतर म्हणजे नुसती रिकामी माती. बारा की चोवीस या तीन आठवड्यांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तरही तारखेवरच आहे. लवकर लागण असेल तर बारा पुरे, उशीर झाला तर चोवीसच.

आणि आता कबुली. चोवीसच्या दोन खोक्यांपैकी एक टाकीच्या पश्चिम अंगाला नव्हे, पूर्वेला होतं. तीननंतर त्याच्यावर टाकीची सावली. हे मला आज, ते उचलताना पायावर ऊन लागेनासं झालं तेव्हा कळलं. साडेतीन महिने रोज तिथे जात होते. सावलीतल्या खोक्यात ४५५, उन्हातल्यात ४०५. म्हणजे सावलीने हात दिला, पण उन्हातलं दाट खोकंही १५० च्या कितीतरी पुढे आहे. निकाल टिकतो, आकडा थोडा फुगलेला आहे.

३० मार्च

पाडवा. तिसऱ्या लागणीचा निकाल गुढी उभारायच्या आधीच लावून टाकला. सहा-रोपी क्रेटमध्ये काही नाही. बारामध्ये चार गोट्या. चोवीसमध्ये २१ नग, ६० ग्रॅम. जानेवारीत लावू नये, इतकंच.

चवीची परीक्षा. प्रत्येक रंगाचे दोन-दोन उकडले. बियांपासूनच्या नव्या रोपांत कुणाच्या बटाट्यात सोलॅनिनसारखी कडू द्रव्यं जास्त असू शकतात. शंभर ग्रॅमला २० मिलिग्रॅमच्या पुढे ती चालत नाहीत, आणि घरी मोजायचं साधन म्हणजे जीभ. जिभेच्या टोकावर टेकवायचं, कडू किंवा चरचरीत लागलं की थुंकायचं. लांबट वाकडा कडू निघाला, त्याचं सगळं कुटुंब कचऱ्यात. जांभळा चवीला भुसभुशीत, गोडसर. हिरवट पडलेले न चाखताच टाकले. काकूंना सुक्या भाजीपुरते दिले, बारीकमधलेच, सालासकट परतायचे म्हणून.

६ एप्रिल

तात्यांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी ग्रॅम ऐकलेच नाहीत. “नग किती?” एवढंच विचारलं.

त्यांचं बरोबर आहे. गच्चीवर साडेचार किलो बटाटा पिकवायला मी सहा महिने घातले, तेवढा जांभळी नाक्याच्या बाजारात पिशवीभर मिळतो. पण पाच ग्रॅमवरचे, कडू-हिरवे वगळून, ३०४ नग हातात आहेत, आणि ते बेणं आहे. तात्या दर वर्षी पंजाबचं बेणं घेतात, कारण घरचं बेणं दोन-तीन हंगामांत विषाणूंनी भरतं, पानं मुडपतात, माल बारीक होतो. बहुतेक विषाणू बियांतून पुढच्या रोपात उतरत नाहीत. एक व्हायरॉइड (विषाणूहूनही साधा रोगकारक) आणि एखाददुसरा विषाणू सोडला तर बी स्वच्छ. गच्चीच्या आसपास बटाट्याचं दुसरं शेत नाही, त्यामुळे मावाही रोग घेऊन आला नसावा.

शिवाय वेळ जुळतो. मार्चमध्ये काढलेला बटाटा दोन-तीन महिने झोपतो, जूनमध्ये डोळे फुटतात. आणि तात्यांकडे, मंचरजवळच्या सातगाव पठारावर, बटाटा लागतो तो पावसाळ्यात! ठाण्यात जुलैची रात्र पंचविशीच्या आसपासच असते, पठारावर ढग, वारा आणि उंची यामुळे तेव्हा गोधडी लागते. माझा हंगाम संपतो तिथे त्यांचा सुरू होतो.

१८ मे

साठवण. तात्यांकडे झाडाच्या सावलीत आरण लावतात, खाली-वर पाचट आणि कडुलिंबाचा पाला. माझं आरण म्हणजे पलंगाखाली बांबूची टोपली, लिंबाचा पाला आणि वर मलमल. मलमल बटाट्याच्या पतंगासाठी, तो डोळ्यापाशी अंडी घालतो आणि अळी आत बोगदे पाडते. तरी चार नगांवर काळी विष्ठा दिसली, फेकले. ३०० उरले. सगळ्यात बारीक आहेत ते सुरकुतायला लागलेत. पाच ग्रॅमच्या बटाट्याला ठाण्याचा मे महिना मोठाच.

२२ जून

डोळे फुटले, जाड, जांभळट, आखूड. अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक बसवून, दहा ट्रे दोरीने बांधून चुलतभावाच्या गाडीतून पाठवले. पिशवीत घातले असते तर माळशेज चढेपर्यंत कोंब मोडले असते, म्हणाले खरी, पण गाडी लोणावळ्यावरून गेली.

६ जुलै

तात्यांनी आज लावले. वरंब्यावर, ६० सेंटिमीटरच्या सरीत, पण नगांमधलं अंतर १५. मी वीस सांगितलं होतं. “एवढ्याशा बेण्याला एकच कोंब, वीसवर लावून मधे काय तण पोसू?” माझाच निकाल मला ऐकवला, एकही खोकं न भरता.

१७ ऑगस्ट

३०० पैकी २४१ उगवले. न उगवलेले बहुतेक सुरकुतलेले. फोटो आला आहे, धुकं, हिरवा पट्टा, मध्ये तात्यांची छत्री. पाला गुडघ्याच्या वर गेलाय आणि दोन झाडांना फुलं आहेत, फिकट जांभळी. माझ्या गच्चीवर सहा महिन्यांत न दिसलेली गोष्ट.

२८ सप्टेंबर

पुडीत अजून सहा-सातशे दाणे आहेत. या वर्षी पेरणी ५ ऑक्टोबरला थेट एसीत, लागण १० नोव्हेंबरपर्यंत, त्यानंतर जे राहील ते राहील. सहा-रोपी खोकं बंद. बारा आणि चोवीस, प्रत्येकी चार खोकी.

जागा मी ठरवणार नाही. कठड्यालगतच्या आठ जागांना खडूने नंबर घातले आणि भाच्याला चिठ्ठ्या उचलायला लावल्या. टाकीच्या पूर्वेकडची जागा बाराला गेली.